बंद इमारतीत भूत शोधणाऱ्यांवर दोन लाखांत भयपट करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातले चार मित्र मिळून दोन लाखांत सिनेमा करायचाय. गोष्ट यूट्यूबवर भुतं शोधत फिरणाऱ्या टोळीची, एका रात्रीची, बंद इमारतीतली. तर आधी काय पाहावं आणि पैसा कुठे घालावा? मी काही सिनेमावाला नाही. सोमवार ते शुक्रवार ऐरोलीत नोकरी, शनिवार-रविवार ओळखीच्यांच्या शॉर्टफिल्मचा आवाज पकडतो. त्यामुळे उत्तर जरा कानाकडे झुकलेलं असेल, सांभाळून घ्या.

पाहायचेच तर तीन पाहा. पहिला 'ग्रेव्ह एन्काउंटर्स', २०११चा. कॅनडातल्या रिव्हरव्ह्यू या जुन्या मनोरुग्णालयात चित्रित झालेला. टीव्हीवर भुतांचा शो करणारी मंडळी रात्रभर स्वतःला आत कोंडून घेतात. त्यातली भुतं मला फारशी आवडत नाहीत, तोंड वासून अंगावर येणारं भूत दुसऱ्या वेळी हसवतंच. आवडतो तो तिथला माळी. सूत्रसंचालक त्याच्या हातावर पैसे टेकवतो आणि कॅमेऱ्यासमोर 'मी भूत पाहिलंय' असं वदवून घेतो. ही माणसं लबाड आहेत हे सुरुवातीलाच कळतं, म्हणून पुढे त्यांची जी गत होते ती बघवते. तुमच्या यूट्यूबर्सना साधेभोळे ठेवू नका.

दुसरा कोरियन, 'गोंजियाम: हॉन्टेड असायलम', २०१८चा. दहा लाख व्ह्यूजच्या हव्यासापायी लाइव्ह करायला निघालेली पोरं. यात कॅमेरे नटांच्याच अंगावर बांधले होते, त्यातला एक थेट त्यांच्या तोंडाकडे वळवलेला. समोर काय आहे ते दिसत नाही, दिसतो तो बघणाऱ्याचा चेहरा. भुताच्या मेकअपचा खर्च वाचला की नाही? आणि गंमत म्हणजे गोंजियामचं रुग्णालय खरंच होतं, बदनामही होतं, पण शूटिंग झालं बुसानमधल्या एका बंद शाळेत. तेव्हा 'तीच झपाटलेली बिल्डिंग हवी' हा हट्ट सोडा.

तिसरा 'सेशन नाइन', २००१चा. इथे भूत शोधायला कोणीच जात नाही. अमेरिकेतल्या डॅनव्हर्सच्या ओसाड मनोरुग्णालयात कंत्राटी कामगार ॲस्बेस्टॉस काढायला जातात, म्हणजे ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते ते तंतुमय खनिज. बरीचशी भीती भर दिवसा, उन्हात. हा खास तुमच्यासाठी सांगतोय, कारण आपल्याकडच्या जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचेच असतात. फुटक्या पत्र्यांखाली नटाला धुळीत लोळवू नका.

आता आमची फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही वागळे इस्टेटमधल्या एका बंद गाळ्यात असलंच काहीतरी करत होतो. मालकाची परवानगी होती, म्हणजे मालकाच्या मेहुण्याची होती. 'ग्रेव्ह एन्काउंटर्स'मधल्या त्या माळीबुवांच्या सीनची नक्कल करावी म्हणून आम्ही तिथल्या वॉचमनमामांना पाचशे रुपये देऊ केले आणि म्हटलं, 'मामा, इथे रात्री बाई दिसते असं बोला.' मामांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, 'खोटं कशाला बोलू? भूतबित काही नाही. साप आहेत. आणि माळ्यावरच्या जिन्याची वरून चौथी पायरी नाही.' कॅमेरा चालूच होता.

तेवढंच वाक्य आम्ही ठेवलं. पुढे कधीतरी टॉर्च विझते आणि मुलगी अंधारात तो जिना उतरते. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. नुसता लोखंडावर बुटाचा आवाज. ऐरोलीत मित्राच्या हॉलमध्ये पंधराएक जणांना दाखवलं तेव्हा तिसऱ्या पायरीला सगळे गप्प. भूत त्या सिनेमात होतं, पांढऱ्या साडीतलं, त्यावर आमचे अकरा हजार गेले. ते कोणाला आठवतसुद्धा नाही.

म्हणून पैसा आवाजावर घाला. चित्र हलतंय, हिरवट दिसतंय, दाणे आलेत, हे सगळं प्रेक्षक चालवून घेतो, कारण कॅमेरा पात्राच्याच हातात आहे. आवाज फाटला की तो मोबाइल खाली ठेवतो. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात साधारण १५,००० डॉलरमध्ये उरकला होता. त्यात कॅमेरा रात्री स्टँडवर नुसता उभा असतो आणि आपण दाराबाहेरच्या धप्प आवाजाला घाबरतो.

रिकामी इमारत शांत असते हाही एक गैरसमज. कबुतरं असतात, पत्रा तापून रात्री कडकडतो, पाणी कुठेतरी ठिबकतच असतं. आमच्या शेजारच्या गाळ्यात एक्झॉस्ट फॅन होता, रात्रभर घुंऽऽ. पुढच्या शनिवारी उरलेला अर्धा सीन करायला गेलो तर तो बंद! मी पहिल्या दिवशी रिकाम्या जागेचा मिनिटभराचा आवाज वेगळा घेऊन ठेवलाच नव्हता, नाहीतर तो सगळ्या शॉट्सखाली सारखा पसरता आला असता. चूक माझीच. त्यामुळे सीनमध्ये दर कटला घुंऽऽ येतं नि जातं. एका प्रेक्षकाला वाटलं ती भुताची चाहूल आहे. मी नाही म्हणालो नाही.

जागेबद्दल एवढंच. पालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, ठाण्यात आणि नवी मुंबईतही. त्यात 'सी-१' लिहिलेली इमारत म्हणजे अतिधोकादायक. कितीही फोटोजेनिक दिसली तरी तिच्यात पाऊल टाकू नका. लेखी परवानगी घ्या, मेहुण्याची नको. स्थानिक पोलीस ठाण्यात आधीच कळवा, नाहीतर रात्री दीड वाजता टॉर्च फिरताना दिसल्या की चोर समजून कोणीतरी फोन करणारच. आमच्या वेळी केला होता.

आणि जिन्याच्या त्या सीनमध्ये मुलीच्या कमरेला दोरी बांधली होती. नीट पाहिलंत तर दिसते. पुसून काढायला पैसे उरले नव्हते. अजून कोणी विचारलं नाही.