घराचं काम टप्प्याटप्प्यानं करतोय, वायरिंग पण तसंच करावं का?

तुमचं घर जुन्या पेठेतलं, पट्टी फिटिंगचं (भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून वरून वायर नेलेलं), यंदा किचन-बाथरूम आणि वरचा मजला पुढच्या वर्षी, बरोबर ना? मग वायर टप्प्यानं ओढा, पण प्लॅन आणि डीबी (सगळ्या वायरी जिथून वाटल्या जातात तो मेन बॉक्स) मात्र पहिल्याच टप्प्यात अख्ख्या घराचा करा. मी सोलापुरात घराघरात हेच काम करतो, आणि लोक उलटं करतात ते बघून खरंच जीव हळहळतो.

आधी कागदावर लोड, म्हणजे कुठं किती वीज लागणार ते, मांडा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातोच, त्यामुळं आज एसी नसला तरी प्रत्येक बेडरूमला त्याचा पॉइंट धरा, शिवाय गीझर, इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटार, कारण नळ काही दिवसाआड येतो आणि त्या दिवशी मोटार, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं एकदमच चालू असतं. लाइट-फॅनला दीड एमएम (म्हणजे स्क्वेअर एमएम, वायरीची जाडी), सोळा अँपियरच्या सॉकेटला अडीच, एसी-गीझरला चार एमएमची स्वतंत्र वायर. मीटरवरचा मंजूर लोड कमी पडत असेल तर महावितरणकडं अर्ज आत्ताच टाका.

डीबी मोठा घ्या, वरच्या मजल्यासाठी जागा रिकामी ठेवा, आणि वर जाणारा पाइप याच वेळी भिंतीत खोदलेल्या झिरीत टाकून आत ओढायची तार सोडून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नवी फरशी-प्लास्टर फोडायची पाळी येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षभर जुनं आणि नवं वायरिंग एकाच घरात राहणार, तर ते एकमेकांत जोडू देऊ नका. जुना बोर्ड उघडला की रबराचं कव्हर बोट लागताच भुग्यासारखं गळून पडतं, आत नुसती तार उघडी, आणि त्याच बोर्डातून नव्या किचनचा फ्रिज चालवतात! जुन्या भागाला वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या, वायरीच्या मानानं कमी अँपियरची, आणि ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइट तोडणारा स्विच) दोन लावा, एक जुन्याला एक नव्याला, म्हणजे वर ओलीमुळं लीकेज झालं तरी खालचं किचन अंधारात जात नाही. दोन्हीच्या न्यूट्रल पट्ट्या (डीबीत न्यूट्रल वायरी कसायच्या पट्ट्या) पण वेगळ्याच पाहिजेत. घाईत मिस्त्री सगळे न्यूट्रल एकाच पट्टीत कसतात, मग लोड टाकला की ट्रिप, आणि "आरसीसीबीच खराब आहे" म्हणून ती काढून डायरेक्ट करतात. असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा ओ, घरात म्हातारी माणसं, लेकरं असतात, शॉक लागताना जीव वाचवणारी तीच वस्तू आहे.

अर्थिंगचा खड्डा नवीन घ्या, हिरवी वायर प्रत्येक पॉइंटला न्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत जा.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोजायची टेप लावून फोटो काढा आणि लायसन्सवाल्या वायरमनकडून मेगर (वायरीचं कव्हर शाबूत आहे का ते तपासायचं मीटर) लावून टेस्ट करून घ्या. वायर कुठं खरवडली असेल तर ते तेव्हाच कळतं, प्लास्टर झाल्यावर शोधणं फार महागात पडतं. मिस्त्री बदलला तर पुढच्याला ते फोटो आणि डीबीचा कागद द्या, आणि डीबीच्या झाकणाच्या आत कुठली एमसीबी कशाची ते मार्करनं लिहूनच घ्या.