नववीनंतर अमेरिकेत: मुलाला सोबत न्यावं का?

प्रश्न: यजमानांची कमिन्स कंपनीत पुण्याहून अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसला बदली झाली आहे. व्हिसा एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा आहे. मुलाची राज्य मंडळाची नववी इंग्रजी माध्यमातून झाली. त्याला इंजिनिअर व्हायचं आहे. तिथली शाळा सरकारी, म्हणून सासूबाई म्हणतात, त्याला बारावीपर्यंत इथेच राहू दे. काय करावं? (एक आई, कोथरूड)

उत्तर: ताई, मुलाला सोबतच न्या. सासूबाईंची काळजी मी समजू शकतो. पण कोलंबससारख्या जेमतेम ५० हजार वस्तीच्या गावात सरकारी शाळेत जाणं म्हणजे नाइलाज नाही. नॉर्थ आणि ईस्ट ही तिथली दोन मोठी पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूल. फी नाही, रहिवासाचा पुरावा मात्र लागतो.

माझी खरी काळजी गणिताची आहे. आपल्याकडे नववीत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोन्ही एकाच वर्षात शिकवतात. तिथे अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असे सहसा एकेका वर्षाचे स्वतंत्र कोर्स असतात. आपल्या मार्कशीटवर नुसतं ‘गणित’ पाहून तिथल्या काउन्सेलरने, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराने, मुलाला अल्जिब्रा १ मध्ये बसवलं, तर बारावीला तो जेमतेम अल्जिब्रा २ पर्यंत पोहोचेल. इंजिनिअरिंगसाठी हे फारच कमी आहे. म्हणून दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका सोबत न्या, प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या कोर्समध्ये बसवायचं हे ठरवणारी चाचणी, मागा. अल्जिब्रा २ मिळालं तर बारावीला कॅल्क्युलस होतं. जॉमेट्री करायलाच लावली, तर ती आणि अल्जिब्रा २ एकाच वर्षी घेता येतील का, हे विचारा. इथे भिडस्तपणा करू नका.

दुसरं, ‘बारावीला जोर लावू’ हा आपला हिशोब तिथे चालत नाही. कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात, त्यामुळे नववी ते अकरावीचे ग्रेड्सच मुख्यतः पाहिले जातात. फिजिक्स आणि केमिस्ट्री मुलाने स्वतःहून निवडायला हवेत, कारण तिथे विषय बऱ्याच अंशी विद्यार्थीच ठरवतो. हे दोन विषय आणि गणित बारावीपर्यंत ठेवले, तर भारतात परतायची वाटही मोकळी राहते. त्या वेळी समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे तिथली बारावी इथल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, लागेल.

गावातल्या सी-फोर या करिअर सेंटरचे कोर्स जरूर पाहा. फक्त एल-२, म्हणजे एल-१ धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही, म्हणून पगारी इंटर्नशिपला हो म्हणू नका. शिवाय हा व्हिसा २१ व्या वर्षी संपतो. कॉलेज निवडण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या.

निघण्यापूर्वी शाळेकडून लेटरहेडवर आठवी-नववीचे विषय, गुण आणि आठवड्याच्या तासिका लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. लसीकरणाची नोंदही सामानात नको, हँडबॅगेत ठेवा.