मासुंतेला जाताय? संध्याकाळी घाई करू नका

पहिल्यांदाच जाताय आणि तुम्ही पाठवलेल्या बेतात चार दिवसांत सात ठिकाणं लिहिलीत! त्यातली तीन खोडा. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातलं मासुंते हे पॅसिफिकच्या काठचं छोटं गाव, तिथे बघायचं ते संध्याकाळीच.

पुंता कोमेता हे टोक गावातून चालत गाठता येतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा, पाणी घ्या, आणि टॉर्च विसरू नका. तिकडे काळोख झपकन पडतो आणि परतीची पायवाट दगडांची आहे. (मी मोबाइलच्या चार टक्के बॅटरीवर उतरलोय, हौस नको.) सूर्य बुडाल्याबरोबर उठू नका. खरे रंग नंतर येतात, आणि पेलिकन पाण्याला जवळजवळ घासत रांगेने जातात.

इथली जुनी कमाई कासवांच्या शिकारीवर होती. १९९० मध्ये मेक्सिकोने ती बंद केली. आता गावात कासव केंद्र आहे, आणि जवळच्या एस्कोबिया किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं हजारोंनी येऊन अंडी घालतात. आपल्या कोकणातल्या वेळासला येतात तीच जात. पिल्लं दिसली तर फ्लॅश मारू नका, हात लावू नका.

पोहायचं तर आधी स्थानिकांना विचारा. शेजारच्या सिपोलिते किनाऱ्याचे प्रवाह फार ओढतात.

भूक लागली की गाडीवरचं 'एलोते' घ्या. लिंबू-तिखट लावलेलं आपलं कणीसच, वर मेयोनीज आणि चीज. मेयोनीज मला पटलं नाही. सुटे पेसो जवळ असू द्या.