जिऊ-जित्सू, सिमेंट आणि दारापर्यंतचे अंतर

आपण विचारले आहे की, छत्रपती संभाजीनगरात सहा महिने ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकत आहात, प्रशिक्षक मात्र स्पर्धेचीच तयारी करून घेतात. तेव्हा वाळूजहून दुसरी पाळी संपवून रात्री परतताना या विद्येचा उपयोग होईल का. होईल, पण सरावाचा हेतू थोडा बदलावा लागेल.

मी औशाकडच्या एका तालमीत वाढलो. तिथे पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हे इतके अंगवळणी पडले होते की, जिऊ-जित्सूच्या पहिल्या दिवशी जोडीदार आपणहून खाली बसून मला पायांच्या विळख्यात ओढू लागला तेव्हा मला हसू आले; मिनिटभरात त्याने तिथूनच माझा गळा आवळला आणि ते हसू जिरले. गार्ड, म्हणजे पाठीवर पडून समोरच्याला पायांच्या विळख्यात धरणे, ही खरी विद्या आहे, खाली सापडलेल्या हलक्या माणसाला ती वाचवते. मात्र स्पर्धेत ठोसे नसतात. तिथे गार्ड ओलांडल्याचे 3 आणि माउंटचे, म्हणजे खालच्याच्या छातीवर किंवा पोटावर स्वार होण्याचे, 4 गुण मिळतात, त्यामुळे आपणहून खाली बसणे परवडते. रस्त्यावर वरचा माणूस तोंडावर मारतो, आणि त्याचा मित्र बाजूला उभा असतो. 1993 साली डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी या ठोसे-लाथा चालणाऱ्या स्पर्धेत जिऊ-जित्सूच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवले खरे, पण एका वेळी एकालाच.

म्हणून आठवड्यातून एकदा जोडीदाराच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज द्या आणि गार्डमध्ये असताना हलक्या चापट्या मारायला सांगा. एक तर त्याच्या छातीला चिकटून राहावे, नाही तर त्याला पायांनी दूर ठेवावे, मधल्या अंतरावर मार बसतो, हे पाच मिनिटांत कळते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे उठणे. उजवा तळहात मागे टेकावा, डावे पाऊल जमिनीवर रोवावे, डावा हात चेहऱ्यासमोर धरावा, कंबर उचलून उजवा पाय खालून मागे ओढावा आणि समोरच्यावरची नजर न काढता उभे राहावे. हे जीन्स आणि बूट घालूनही करून पाहा. मी एकदा पार्किंगच्या सिमेंटवर केले, तेव्हा कोपर सोलवटले आणि खिशातल्या किल्ल्या मांडीत रुतल्या. मॅटवर गुडघा घासत नेण्याची सवय किती महागात पडते, तेही कळले. एकेरी पट काढतानाही, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडतानाही, तेच, कारण माती गुडघ्याला जशी सांभाळून घेते तसे सिमेंट घेत नाही.

गळा आवळण्याबाबत सावध राहा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या, तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध होतो, आणि त्यानंतरही पकड सोडली नाही तर जिवावर बेतते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 37 नुसार बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. समोरचा ढिला पडला की सोडा, दूर व्हा आणि 112 ला फोन करा.

प्रशिक्षकांशी वाद घालू नका, तास संपल्यावर दहा मिनिटे मागून घ्या. आम्ही असे करत असू: एकाने माउंटखाली पडायचे, घड्याळात तीस सेकंद लावायचे, आणि जिंकायचे म्हणजे उठून हॉलच्या दाराला हात लावायचा. पहिल्या संध्याकाळी मला तो एकदाही लावता आला नाही.