पाण्याची भीती डोक्यातून जात नाही, माझंच काही बिघडलंय का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम : पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात) साथ आली, त्यानंतर सिंहगड रोड परिसरातून बऱ्याच आया माझ्याकडे हा प्रश्न घेऊन आल्या. त्यातली एक सायली (नाव बदललंय), तिथल्याच नांदेड भागात राहणारी. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा व्हेंटिलेटरवर होता. तो बरा होऊन शाळेत जायला लागला, सायली मात्र तिथेच अडकली. पाणी उकळायचं, गाळायचं, परत उकळायचं. आणि रोज सकाळी सहा वर्षांच्या लेकीला ओट्याला धरून चवड्यांवर उभं करायचं, कारण हा आजार पायांपासून वर चढतो हे तिने वाचलं होतं. लेक विचारायची, "आई, आज मी पास ना?"

घरच्यांचं एकच पालुपद : उगाच डोक्यात घेतलंस.

मला ते उगाच वाटलं नाही. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले होते. दोन्ही दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातात. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये पालिकेत आली. टॉवर त्याआधीपासूनच उभे राहत होते, ड्रेनेज आणि शुद्धीकरण मागून रखडत आलं. अशा ठिकाणी आई घाबरली तर तिला गोळी देऊन गप्प करायचं, हे मला तरी पटत नाही.

दुसऱ्या भेटीत तिने विचारलं, "मॅडम, नाल्यात घाण सोडणाऱ्यांना तुरुंगात टाकतात ना?" हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खोटा दिलासा दोन दिवस टिकतो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढली, आता बहुतेक उल्लंघनांना दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड. हे सांगितल्यावर ती आणखी खचेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही." आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

मग कामाला लागलो. पाणी एकदा खळखळून उकळलं आणि मिनिटभर तसंच उकळत ठेवलं की जंतू मरतात. "दुसरी उकळी जंतूंसाठी नाही, तुमच्यासाठी आहे," मी म्हटलं. हसली, पण पटलं. चवड्यांची परीक्षा बंद करून एकच नियम ठेवला : जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांत हातापायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. हे अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात लेकच आपणहून ओट्यापाशी जाऊन उभी राहायची. लहान मुलं आईची भीती किती पटकन उचलतात!

उरलेली काळजी तिची एकटीची नव्हतीच, ती सोसायटीकडे नेली. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. चौघीजणी मिळून किटने तो तपासतात, वहीत तारीख घालून लिहितात, कमी भरला की लेखी अर्ज देतात आणि पोच घेतात. उत्तरं मोजकीच आली आहेत, पण रात्री टाकीचं झाकण बघायला उठणं थांबलंय. पाणी उकळणं ती सोडणार नाही, आणि मी तसं सांगितलेलंही नाही.