नळ बंद असताना हीटिंग सुरू ठेवावं का?

प्रश्न : माझी मुलगी शिकायला इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. दोन मैत्रिणींसोबत भाड्याच्या घरात राहते. परवा सिंकखालचा पाइप गळायला लागला म्हणून मुलींनी घराचा मुख्य कॉक बंद केला. प्लंबर दोन दिवसांनी येणार. बाहेर पारा शून्याखाली आहे. नळाचं पाणी बंद असताना हीटिंग लावलं तर बॉयलर कोरडा तापेल या भीतीने त्यांनी तेही बंद केलंय आणि स्वेटरवर स्वेटर चढवून बसल्या आहेत. मी इथून त्यांना काय सांगू?
– एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, आधी फोन लावा आणि विचारा, बॉयलरच्या दर्शनी भागावर एक लहानसा काटा किंवा आकडा आहे, तो किती दाखवतो? बरंचसं उत्तर तिथेच आहे.

कोराडीच्या वीज केंद्रात माझी तीस वर्षं बॉयलरवर गेली. बॉयलर कोरडा पडण्याची भीती खरी असते, तेव्हा मुलींचं काही चुकलं नाही. फक्त घरातल्या हीटिंगचं पाणी आणि नळाचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आपला कूलर आठवा. मे महिन्यात नळ गेले म्हणून कूलर लगेच थांबत नाही. खालचं पाणी पंप वर चढवतो, ते ताट्यांवरून उतरतं, पुन्हा वर जातं. हीटिंगचंही तसंच. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ पत्र्यांतून, फिरून परत येतं. कूलरचं पाणी हवेत उडून जातं म्हणून भरत राहावं लागतं. हीटिंगचं पाणी बंद नळ्यांत असतं, ते उडत नाही. सिंकखालचा नळ गळाला, मुख्य कॉक बंद केला, तरी रेडिएटरमधलं पाणी जागच्या जागी असतं.

ते तिथेच आहे ना, हे काटा सांगतो. तो पाण्याचा दाब दाखवतो, ‘बार’ या मापात. हीटिंग थंड असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. तापल्यावर थोडा चढेल, ते ठीक. एवढा असेल आणि तासाभरात उतरत नसेल, तर हीटिंग खुशाल सुरू करा. उलट एवढ्या थंडीत सुरू असलेलंच बरं, नाहीतर नळ्यांतलं पाणी गोठून दुसरीकडे पाइप फुटायचा. गरम पाण्याचा नळ मात्र कोरडाच राहील, कारण ते पाणी मुख्य कॉकमधूनच येतं.

काटा अर्ध्या बारच्या खाली असेल तर गळती हीटिंगच्याच नळ्यांत असू शकते. तेव्हा बॉयलर बंद. बहुतेक बॉयलर अशा वेळी आपणहून बंद होतात, मुलींना तो पुन्हा पुन्हा रीसेट करायला लावू नका.

आणखी एक खूण सांगतो. गळणाऱ्या जागी पांढरा टिश्यू टेकवायचा. स्वच्छ ओला झाला तर बहुधा नळाचं पाणी. काळपट, गंजाचा डाग उमटला तर रेडिएटरचं. ही मला माझ्या मुलाच्या घरी, बर्मिंगहॅमला कळली. तिथे काटा रोज सकाळी खाली आलेला असायचा आणि आम्ही रोज बॉयलरखालच्या जाळीदार नळीतून पाणी भरून तो वर आणायचो. चौथ्या दिवशी मी गालिचा उचलला. रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली लाकडी फळीवर तळहाताएवढा काळा डाग होता. रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले, तेवढा एक थंड पडला, बाकीचं घर गरम राहिलं. रोज ताजं पाणी भरणं हा उपाय नव्हेच. ताज्या पाण्यासोबत प्राणवायू आत जातो आणि आतून गंज चढतो. कोराडीत बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातला प्राणवायू काढायला वेगळी यंत्रणाच असते, ती याचसाठी.

जुन्या घरात काटा नसेल, तर माळ्यावर एक लहान टाकी असेल, आपल्या कूलरसारखाच फ्लोटचा नळ असलेली. तिच्यात पाणी आहे तोवर हीटिंग चालेल. रिकामी दिसली तर बंद करा. गरम पाण्याचा मोठा सिलिंडर असेल तर त्याचा विजेवरचा हीटर नळ पूर्ववत येईपर्यंत लावू नका. तो कोरडा पडला तर जळतो.

पण गळकं पाणी स्विच, सॉकेट किंवा बॉयलरपर्यंत पोचत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. ओल्या स्विचला हात नाही. कोरड्या जागेवरून मुख्य फ्यूजबॉक्समधून वीज बंद करायची. बॉयलरचा पंप विजेवरच चालतो, तेव्हा हीटिंगही थांबेल, थांबू द्या.

मुली घरमालकाला सांगायला संकोचत असतील तर संकोच सोडायला सांगा. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातले पाइप, हीटिंग आणि गरम पाणी दुरुस्त ठेवणं बहुतेक वेळा घरमालकाचंच काम आहे, १९८५चा कायदाच आहे तसा. घडलं ते ई-मेलवर, फोटोसकट कळवावं. बॉयलरच्या गॅसच्या भागाला ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावू नये, मग तो ओळखीचा कितीही हुशार असो.

शेवटची गोष्ट तुम्ही आई म्हणून स्वतः बोला. २०१८च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला, तेव्हा आमच्या गल्लीत कित्येकांनी शेगड्या बंद खोलीत घेतल्या होत्या. मी दारोदार जाऊन खिडक्या उघडायला लावल्या. निखाऱ्यांतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. लीड्सच्या बंद घरात मुलींनी कोळसा पेटवू नये, गॅसचा ओव्हन उघडा ठेवून शेकू नये. हीटिंग बंद ठेवावंच लागलं तर आत तेल भरलेला विजेवरचा हीटर, कोरड्या जागी, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून, एका खोलीत तिघींनी झोपावं. काट्याचा फोटो आला की मलाही पाठवा.