‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ इतक्या वर्षांनंतरही लोकांना का आवडतो?

आपला प्रश्न असा आहे, की १९६६ सालचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ आपण दोनदा लावलात, दोन्ही वेळा अर्ध्या तासात कंटाळून बंद केलात, आणि तरीही जगभरचे लोक या संथ चित्रपटाला आजवर इतके का मानतात, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. गेल्या तीस वर्षांत मी हा चित्रपट अनेकदा पाहिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्याला जो संथपणा खटकला, त्यातच या चित्रपटाचे खरे बळ आहे, असे माझे मत आहे. आपण तो अजून पूर्ण पाहिलेला नसल्यामुळे शेवट मात्र सांगणार नाही.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे आणि एका दफनभूमीत दोन लाख डॉलरचे सोने पुरलेले आहे. टूको नावाच्या दरोडेखोराला त्या दफनभूमीचे नाव ठाऊक आहे, ‘ब्लाँडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जोडीदाराला थडग्यावरचे नाव ठाऊक आहे, आणि ‘एंजल आईज’ हा पैसे घेऊन माणसे मारणारा तिसरा इसम त्यांच्या मागावर आहे. दिग्दर्शक सेर्जिओ लिओने हा मूळचा रोमचा. १९६४ आणि १९६५ साली इथे ब्लाँडी झालेल्या क्लिंट ईस्टवुड या नटाला घेऊन त्याने असेच दोन चित्रपट केले होते आणि हा तिसरा. चित्रण बव्हंशी स्पेनमध्ये, दक्षिणेला आल्मेरियाच्या वाळवंटात आणि उत्तरेला बुर्गोस प्रांतात झाले. इटालियन लोकांनी काढलेल्या या वेस्टर्नपटांना, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या घोडेस्वार-बंदूकबाजांच्या चित्रपटांना, ‘स्पॅगेटी’ हे इटलीतल्या शेवयांसारख्या पदार्थाचे नाव मुळात हिणवण्यासाठी पडले होते; आज ते आदराने घेतले जाते, आणि त्यात या चित्रपटाचा वाटा फार मोठा आहे.

आता आपण बंद केलेल्या त्या अर्ध्या तासाकडे पुन्हा एकदा पाहू. या चित्रपटात पहिला शब्द उच्चारला जायला सुमारे दहा मिनिटे लागतात. सुरुवातीला ओसाड माळरान दिसते आणि अचानक त्यावर एका राकट माणसाचा चेहरा पडदाभर येतो. एका उजाड गावाच्या रस्त्यावर दोन माणसे एका बाजूने आणि एक माणूस समोरून चालत येतो, मधून एक कुत्रे निघून जाते, वारा सुटलेला असतो, आणि हे तिघे आता एकमेकांवर गोळ्या झाडणार अशी आपली खात्री होते. प्रत्यक्षात ते तिघेही पिस्तुले काढून एकाच दारातून आत घुसतात, आतून गोळ्यांचे आवाज येतात, आणि खिडकीची काच फोडून एका हातात पिस्तूल व दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेले मांस घेतलेला टूको बाहेर उडी मारतो. तो जेवत असताना हे त्याला मारायला आले होते, हे आपल्याला एका शब्दाविना कळते.

त्यानंतरचा प्रसंग तर मी कितीही वेळा पाहू शकतो. एका शेतघरापाशी लहान मुलगा जनावरावर बसून रहाट फिरवतो आहे. क्षितिजावर एक घोडेस्वार दिसतो. मुलगा त्याला पाहतो आणि घरात पळतो. तो स्वार एंजल आईज आहे. घराच्या दारातून तो सावकाश आत चालत येतो, शेतकऱ्याच्या समोर बसतो, न विचारता कालवण वाढून घेतो, पाव घेतो आणि खाऊ लागतो. शेतकऱ्याची बायको काही न बोलता आतून निघून जाते. शेतकरी खाण्याचा प्रयत्न करतो, पण घास उतरत नाही. आलेला माणूस कशासाठी आला आहे, हे घरातल्या सर्वांना कळले आहे आणि आपल्यालाही. या प्रसंगाला घाई केली असती, तर खून तेवढा शिल्लक राहिला असता. ते जेवण, ती भीती आणि त्या घरातली शांतता आपल्यापर्यंत पोहोचली नसती. लिओनेच्या चित्रपटात वेळ खर्च होतो तो माणसे ओळखीची व्हावीत म्हणून, आणि माणसे ओळखीची झाल्याशिवाय गोळीला किंमत येत नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा बारावीत असताना, भाड्याने आणलेल्या कॅसेटवर, रात्री आवाज अगदी बारीक ठेवून पाहिला, कारण शेजारच्या खोलीत आजी झोपलेली होती. संवाद निम्मेही ऐकू आले नाहीत, आणि तरी काहीही अडले नाही. पुढे काही वर्षांनी एका चित्रपट मंडळात तो मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाला, तेव्हा कॅसेटवर आपण किती गमावले होते ते समजले. टीव्हीच्या चौकोनी पडद्यात बसवण्यासाठी चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या होत्या, आणि लिओनेचे निम्मे काम तर त्या कडांवरच चालते. चित्रण ‘टेक्निस्कोप’ पद्धतीने केलेले होते. या पद्धतीत एका चौकटीला नेहमीच्या निम्मीच फिल्म लागे, त्यामुळे कमी खर्चात रुंद चित्र मिळे. छायाचित्रकार तोनिनो देल्ली कोल्ली याने त्या रुंदीत एकीकडे मैलभर पसरलेले वाळवंट बसवले आणि दुसरीकडे घामाने थबथबलेल्या चेहऱ्याचे नुसते डोळे.

या चौकटीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवून पाहा. जे कॅमेऱ्याला दिसत नाही, ते या जगातल्या माणसांनाही दिसत नाही, असा लिओनेचा नियम आहे. शेवटाकडे टूको फळकुटाने माती उकरत असतो, तोच त्याच्यासमोर एक फावडे येऊन पडते; वर पाहतो तो ब्लाँडी. टूको फावडे हातात घेतो, आणि तेवढ्यात दुसरे फावडे येऊन पडते. चहूकडे मोकळे मैदान असताना तिसरा माणूस तिथवर पोहोचला कसा, हा प्रश्न व्यवहारात रास्त आहे, पण त्या क्षणी मनात येत नाही. पडद्याच्या कडेबाहेर काहीही असू शकते, या धास्तीने प्रेक्षक प्रत्येक संथ दृश्यात सावध बसून राहतो.

एन्निओ मोरिकोनेचे संगीत तर आपण चित्रपट न पाहताही ऐकलेले असणार. लिओने आणि मोरिकोने लहानपणी रोमच्या एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. मुख्य धून कोल्ह्याच्या कोल्हेकुईसारख्या दोन स्वरांवर उभी आहे, आणि तेच स्वर तीन माणसांसाठी तीन प्रकारे वाजतात: ब्लाँडीसाठी बासरी, एंजल आईजसाठी ओकारिना हे मातीचे फुंकवाद्य आणि टूकोसाठी माणसांचा आवाज. एकाच सुरातून तिघे घडवल्यामुळे चांगला, वाईट आणि कुरूप ही शीर्षकातली वाटणी किती तकलादू आहे, हे कानालाच कळते. ‘चांगला’ म्हणवणारा ब्लाँडी आपल्या जोडीदाराला वाळवंटात पाण्यावाचून सोडून देतो. त्याचे चांगुलपण चित्रपटात फार उशिरा आणि फार थोड्या प्रसंगांत दिसते.

मला स्वतःला हा चित्रपट टूकोचा वाटतो. ईलाय वॉलॅक या नटाने ही भूमिका जीव ओतून केली आहे. बंदुकीच्या दुकानात शिरल्यावर तो निरनिराळी पिस्तुले सुटी करतो, एकाची नळी, दुसऱ्याचे चक्र असे निवडतो, आणि ते चक्र कानाशी धरून फिरवत त्याचा आवाज ऐकतो. तबला जुळवणारा माणूस जसा सर्व विसरून कान देतो, तसा तो तिथे दिसतो.

पण टूकोचा सर्वांत मोठा प्रसंग मठातला आहे. तिथे त्याचा सख्खा भाऊ धर्मगुरू आहे. कित्येक वर्षांनी भेट होते, आणि आई केव्हाच गेली, वडील तर काही दिवसांपूर्वीच गेले, हे टूकोला त्याच्याकडून कळते. भाऊ त्याला दरोडेखोर म्हणून सुनावू लागतो, तेव्हा टूको उलट विचारतो, की आपण जिथे जन्मलो तिथे दारिद्र्यात मरायचे नसेल तर पाद्री तरी व्हायचे किंवा दरोडेखोर तरी. तू तुझी वाट धरलीस, मी माझी धरली, आणि माझी अधिक खडतर होती. प्रकरण हातघाईवर येते. टूको निघून गेल्यावर भाऊ हलक्या आवाजात त्याची क्षमा मागतो, पण ती ऐकायला टूको तिथे नसतो. बाहेर गाडीत बसल्यावर टूको ब्लाँडीला सांगतो, की भावाने फार प्रेमाने विचारपूस केली आणि जेवूही घातले. ब्लाँडीने सगळे चोरून ऐकलेले असते. तो काही बोलून दाखवत नाही; जेवणानंतर चिरूट बरा लागतो, एवढेच म्हणून स्वतःच्या तोंडातला चिरूट त्याच्यापुढे धरतो. टूको तो घेतो, ओढतो, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू येते. खोटे बोलणाऱ्याची लाज राखणारा हा प्रसंग मला चित्रपटातल्या सगळ्या गोळीबारापेक्षा मोठा वाटतो.

याच्या भोवती युद्ध आहे, आणि सोन्याच्या शोधाला निघालेले हे तिघे वारंवार त्या युद्धात अडकतात. कैद्यांच्या छावणीत मारहाणीचे आवाज झाकण्यासाठी कैद्यांनाच वाद्ये वाजवायला लावतात, आणि सारंगीसारखे वाद्य वाजवणाऱ्या एका कैद्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. लिओनेचा जन्म १९२९ चा, म्हणजे जर्मन फौजांनी रोम व्यापले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता; अशा छावणीचे दृश्य त्याच्या पिढीने कल्पनेतून आणलेले नव्हते. पुढे एका पुलासाठी दोन सैन्ये रोज लढून माणसे मारवून घेतात, कारण दोन्हीकडच्या सेनापतींना तो पूल शाबूत हवा आहे. तिथला दारूच्या नशेत असलेला कॅप्टन मनातल्या मनात एकच स्वप्न पाहतो, की तो पूल उडावा. हा पूल चित्रीकरणासाठी स्पॅनिश सैन्याने बांधला होता, आणि खुणेचा गैरसमज झाल्यामुळे कॅमेरे सुरू होण्यापूर्वीच उडवला गेला. तो पुन्हा बांधून पुन्हा उडवावा लागला.

शेवटच्या तिघांच्या सामन्यात तर पहिली गोळी सुटेपर्यंत काही मिनिटे नुसते पाहणेच आहे. दफनभूमीतले गोलाकार दगडी अंगण, त्यात तीन माणसे. आधी ती लांबून ठिपक्यांएवढी दिसतात, मग कमरेपर्यंत, मग पिस्तुलाकडे सरकणारे हात, मग चेहरे, मग नुसते डोळे, आणि दर वेळी दृश्य आधीपेक्षा लवकर बदलते. एंजल आईजच्या हाताकडे नीट पाहिलेत, तर ती भूमिका करणाऱ्या ली व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक नाही, हेसुद्धा दिसेल. कोण कोणावर नेम धरणार, हा हिशोब तिघेही करत असतात आणि त्यांच्याबरोबर आपणही.

आपल्याकडे अनेकांना या शैलीची ओळख ‘शोले’ने करून दिली. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या होते त्या प्रसंगावर लिओनेच्या १९६८ सालच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची छाप स्पष्ट आहे. ‘शोले’मधली ती झोपाळ्याची करकर आठवून पाहा. हिंसेआधीची शांतता लांबवणे ही लिओनेचीच रीत आहे.

उणिवाही सांगतो. स्त्रियांना या कथेत जवळजवळ जागाच नाही, आणि हे मला दर वेळी खटकते. मधला काही भाग लांबला आहे. २००३ साली काही प्रसंग परत जोडून सुमारे तीन तासांची आवृत्ती तयार झाली, पण ते प्रसंग मला आवश्यक वाटत नाहीत. पहिल्यांदा पाहताना सुमारे १६१ मिनिटांचीच आवृत्ती निवडावी.

ती दफनभूमी ही मुळात खोटी, स्पॅनिश सैनिकांनी बुर्गोसजवळ उभारलेली होती, आणि तिथे सुमारे पाच हजार थडगी मांडलेली होती. चित्रीकरण संपल्यावर तिच्यावर माती आणि गवत साचले. २०१५ पासून तिथल्या चाहत्यांनी सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन ती साफ करायला सुरुवात केली, आणि मातीखाली ते गोल दगडी अंगण तसेच निघाले. निरनिराळ्या देशांतून माणसे तिथे खणायला आली होती.

तेव्हा एखाद्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर, तिसऱ्यांदा लावून पाहा. निदान मठातल्या प्रसंगापर्यंत तरी थांबा. चिरुटाचा तो प्रसंग आपल्याला कसा वाटला, हे इथे अवश्य कळवावे.